जालन्याकडे गेलेला क्लब

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तुझ्या मागचा नकाशा कुठे गेला?" मी म्हटलं, काढला. तेवढ्यात तुमची शाळेची बस आली आणि विषय तिथेच राहिला. म्हणून हे लिहिते आहे.

कॉलेजातलं शिकवणं संपल्यावर मी बुलढाण्यात भाषण क्लब सुरू केला, हे तुम्हाला माहीत आहे. रविवारी मंडळी जमतात, एक जण तयारीचं भाषण करतो, दुसरा त्याचं परीक्षण करतो, तिसरा वेळ संपत आली की हिरवं, पिवळं, लाल कार्ड दाखवतो. परीक्षणाची एक रीत मी पहिल्या दिवसापासून काटेकोर पाळायला लावली. आधी कौतुक, मग एकच सूचना, शेवटी पुन्हा कौतुक. नवा माणूस घाबरू नये म्हणून. आमच्याकडे त्याला 'गुळातली गोळी' असं नावच पडलं होतं.

पुढे खामगाव, लोणार आणि देऊळगाव राजा इथे क्लब निघाले. चार क्लब मिळून एक विभाग होतो, चारपेक्षा कमी झाले तर तो मोडतो, असा नियम आहे. म्हणजे आमच्याकडे एकही जास्तीचा नव्हता. विभागप्रमुख मी. वर्षाची स्पर्धा बुलढाण्यात, कारण सभागृह चांगलं मिळतं आणि व्यवस्था माझ्या डोळ्यांसमोर होते. नकाशावर चार लाल टाचण्या होत्या, त्यांच्याकडे पाहून मला बरं वाटायचं.

यंदा संस्थेच्या वरच्या कार्यकारिणीने सगळ्या विभागांची नव्याने जुळवणी काढली. देऊळगाव राजा जालन्याच्या विभागात घालावं का, असं त्यांनी विचारलं. मी तडक उत्तर तयार केलं. जिल्हा एक आहे, तो फोडू नये. नियम असा होता की क्लबला जायचं असेल तर त्याने स्वतः मागायचं, आणि विभागातल्या आणखी एका क्लबने पाठिंबा द्यायचा. यातलं काहीच होणार नाही याची मला इतकी खात्री होती की बैठकीनंतरच्या जेवणाचा बेतही मी 'विभाग वाचल्याबद्दल' म्हणून ठरवून टाकला होता.

बैठक चिखलीला, एका शाळेच्या वर्गात झाली. त्यातल्या त्यात ते सगळ्यांना मध्ये पडतं. खामगावच्या क्लबचे अध्यक्ष बी-बियाण्यांचं दुकान चालवतात, क्लबातला सगळा हशा त्यांच्या नावावर. आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, आज कोणाचं लग्न जुळवून राह्यल्या का काडीमोड?"

मी म्हटलं, "काडीमोड होऊ देणार नाही."

"नवरी काय म्हणते ते तं ऐका," असं म्हणून ते मुलांच्या बाकावर कसेबसे मावले.

देऊळगाव राजाच्या अध्यक्ष बांगड्यांचं दुकान सांभाळतात. सासऱ्यांचं दुकान, पण गिऱ्हाईक यांच्या बोलण्यावर येतं. घरी दखनी उर्दू बोलतात, क्लबात मराठी. त्यांचा क्लब सगळा बायकांचा. त्यांचं पहिलं भाषण त्यांनी कागदावरून मान वर न करता वाचलं होतं. त्या माझ्या सगळ्यात आवडत्या वक्त्या, हे मी तुम्हाला फोनवर सांगितलेलं आहे.

प्रत्येक क्लबला बोलायला दोन मिनिटं होती. कार्डं माझ्या हातात. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमचा क्लब जालन्याकडे द्या. बुलढाण्याची स्पर्धा सुटते तेव्हा आमची परतीची गाडी निघून गेलेली असते. म्हणून आमची एकही बाई आजपर्यंत निकालाला थांबली नाही. निकाल आम्ही फोनवर ऐकतो. जालना आम्हाला जवळ आहे, तिथून आम्ही उजेडात घरी येऊ. धन्यवाद."

मी हिरवं कार्ड उचलायच्या आत त्यांचं संपलं होतं. सुरुवातीला कौतुक नव्हतं, शेवटीही नव्हतं. वर्गात सगळे माझ्याकडे पाहत होते आणि मी हातातल्या कार्डांकडे. खरं सांगते, मला त्या क्षणी वाक्यं कळली पण अर्थ लागला नाही. निकालाच्या वेळी मागच्या खुर्च्या रिकाम्या असत, हे मी दर वर्षी स्टेजवरून पाहिलं होतं. मला वाटायचं, दुकानं असतात, घाई असते.

"जिल्हा फुटेल," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

खामगावकर बाकावरून उठले. या वेळी ते हसत नव्हते. "मॅडम, नकाशात जिल्हा एक हाये. ते एसटीले काऊन कळत नाही, मले नाही माहीत." आणि त्यांनी हात वर केला. "खामगावचा पाठिंबा हाये."

लोणारच्या अध्यक्षांनी काही बोलायची गरजच उरली नाही. विभाग मोडला होता. उरलेले तीन क्लब अकोल्याकडे जाणार. प्रमुख म्हणून तसं जाहीर मीच केलं. आवाज माझाच होता, पण दुसऱ्या कोणाचा तरी ऐकत असल्यासारखा वाटला.

जेवण ठरलं होतं, ते झालं. मी देऊळगाव राजाच्या अध्यक्षांशेजारी बसले आणि विचारलं, "इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीत?"

त्यांनी भाकरी मोडता मोडता माझ्याकडे पाहिलं. त्यांनाच धक्का बसल्यासारखा दिसला. "सांगितलं ना मॅडम. दर वर्षी सांगितलं. दोन कौतुकांच्या मधात सांगितलं."

मग मला ऐकू यायला लागलं. स्पर्धा झाली की त्यांचा फोन यायचा. "मॅडम, इंतजाम फार सुंदर होता. थोडं लवकर सुटलं तर आम्हाला बरं पडेल. आणि जेवण तर काय विचारता." मी घरात सगळ्यांना सांगायचे की देऊळगाव राजाला जेवण फार आवडलं. पुढच्या वर्षी मी एक गोड पदार्थ वाढवला होता.

बोलायला शिकवायचा क्लब आमचा, आणि रीत मी घालून दिलेली.

गेल्या महिन्यात त्यांनी मला जालन्याच्या स्पर्धेला बोलावलं. प्रेक्षक म्हणून. मी गेले. ऊन असतानाच निकाल लागला. देऊळगाव राजाच्या सगळ्या बायका पहिल्या दोन रांगांत बसून होत्या. अध्यक्षांना तिसरं बक्षीस मिळालं आणि त्यांचं नाव पुकारलं तेव्हा त्या तिथे होत्या. चालत गेल्या, घेतलं, माघारी आल्या.

बाहेर चहा घेताना म्हणाल्या, "कसं झालं मॅडम? आज गूळ नको."

मी म्हटलं, "शेवट घाईत केलात. पहिल्यापासून सांगते आहे मी, तुमचा शेवट नेहमी घाईत होतो."

त्या हसल्या आणि पदराने कप पुसत म्हणाल्या, "सवय मोडायला वेळ लागेल. बुलढाण्यात माझी बोलायची वेळ यायची तेव्हा चिखलीवरून जाणारी आमची परतीची गाडी स्टँडवर लागलेली असायची."

मग त्या सगळ्या जणींबरोबर स्टँडकडे निघाल्या, सावकाश, बोलत बोलत. मी तिथेच उभी राहिले. माझी गाडी सुटायला अजून पुष्कळ वेळ होता.