उत्तराने दिलेला जबाब

उत्तराला मी ती चार वर्षांची असल्यापासून ओळखते. तिचे बाबा, अंबरीष, सॉफ्टवेअरच्या कामासाठी पुण्याहून जपानमध्ये त्सुकुबाला आले तेव्हा आम्हाला इथे येऊन दोन वर्षं झाली होती. दोन्ही घरं एकाच इमारतीत, आम्ही खाली, ते वर. कुठला कचरा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा हे तिच्या आईला, जयंतीला, मी शिकवलं. उत्तरा शाळेतून आली की "सुलेखाकाकू, तादाइमा!" म्हणजे 'आले घरी' असं आमच्या दारात ओरडायची आणि मग वर जायची. मी मराठीत विचारायचं, तिने जपानीत उत्तर द्यायचं, असं आमचं बरीच वर्षं चाललं.

मुलगी उथळ नव्हती, हे मुद्दाम सांगते. उलट चुकायची तिला फार धास्ती. वहीत एक खाडाखोड झाली तर अख्खं पान फाडून पुन्हा लिहायची.

इथल्याच विद्यापीठात ती जीवशास्त्र शिकायला लागली आणि तिसऱ्या वर्षी एका सत्रासाठी झांबियाला गेली. लुसाकात राहायचं, तिथल्या मुलांबरोबर शिकायचं, आणि सत्र संपताना पाच दिवस जंगलातून पायी फिरून शेवटी एका गावाला भेट द्यायची, असा कार्यक्रम होता. त्या पाच दिवसांसाठी तिचे प्राध्यापक कावाई सेन्सेई त्सुकुबाहून गेले. बरोबर आणखी दोन जपानी मुलं. ती परत आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिचे फोटो पाहिले, कौतुक केलं. खरं काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. तेच इथे सांगते.

पायी फिरताना सगळ्यांत पुढे बंदूकधारी वनरक्षक असे. त्यांचं नाव जोसेफ म्वाले. वय पन्नाशीच्या आसपास, बोलणं कमी. त्यांच्यामागे वाट दाखवणारी एस्नात, ही तिशीतली बाई. मग सेन्सेई, दोन मुलं आणि सर्वांत शेवटी उत्तरा. पहिल्या सकाळी एस्नातने नियम सांगितले. एका रांगेत चालायचं, बोलायचं नाही, आणि काहीही झालं तरी पळायचं नाही. "पळालात तर जनावर तुमच्यामागे येईल, आणि म्वालेंना तुमच्यामागे यावं लागेल," असं ती म्हणाली. उत्तराने ते वहीत लिहून घेतलं.

चौथ्या दिवशी कोरड्या नदीच्या पात्रात त्यांना हत्तीण दिसली. शेजारी पिल्लू. एस्नातने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. हत्तिणीने कान फाकवले, धूळ उडवली आणि थेट यांच्या रोखाने धावत आली. असं धावणं बहुतेक वेळा नुसतं भीती घालण्यासाठी असतं, अर्ध्या वाटेत हत्ती थांबतो, हे त्यांना आधी सांगितलेलं होतं. म्वाले हलले नाहीत. बंदूक खांद्याला, पण चाप ओढला नव्हता. आणि हत्तीण थांबलीच.

"काकू, ती थांबली होती," उत्तरा मला म्हणाली. "मी पाहिलं. थांबल्यावर मी पळाले."

का पळाली हे तिला आजही सांगता येत नाही. फोन हातातून पडला आणि पाय आपोआप निघाले, एवढंच आठवतं. पिल्लू तोवर बिचकून बाजूच्या झुडपांकडे, रांगेच्या मागच्या अंगाला गेलं होतं आणि नेमकी ती पळाली त्याच्याच दिशेने. हत्तीण वळली. तेवढ्यात म्वाले उत्तराच्या आणि तिच्या मध्ये आले आणि त्यांनी गोळी झाडली. दुसरीही झाडली. हत्तीण गुडघ्यांवर बसली, मग आडवी झाली. पिल्लू तिला डोक्याने ढकलत राहिलं.

एस्नात, सेन्सेई आणि दोघं मुलं पुढे तोंड करून उभी होती. त्यांनी पाहिलं ते हत्तीण थांबली, अचानक वळली आणि गोळी सुटली, इतकंच. उत्तरा पळताना फक्त म्वालेंनी पाहिली होती, ती किंचाळली म्हणून त्यांनी वळून पाहिलं होतं.

दुपारी छावणीवर वनखात्याचा अधिकारी आला. हत्ती मारला की चौकशी होतेच. प्रत्येकाला कागद दिला, जे पाहिलं ते लिहा म्हणाला. उत्तराने लिहिलं, "आम्हाला सांगितल्याप्रमाणे आम्ही सगळे जागच्या जागी उभे होतो." खाली सही केली. एकही खाडाखोड नाही.

अधिकाऱ्याने म्वालेंची बंदूक काढून घेतली. थांबलेल्या जनावरावर त्यांनी घाबरून गोळी झाडली, असा अर्थ त्या सगळ्या कागदांतून निघत होता.

दुसऱ्या दिवशी गावाला जायचं होतंच. ते म्वालेंचंच गाव. उत्तराला वाटलं होतं, गावात शोककळा असेल. तर तिथे सण असावा तशी गर्दी! मेलेल्या हत्तीचं मांस गावात वाटलं जातं. बायका घमेली घेऊन उभ्या, दोऱ्यांवर पट्ट्या वाळत घातलेल्या, पोरं नाचत होती. त्या वर्षी हत्तींनी मक्याची शेतं तुडवली होती. त्यामुळे पाहुण्यांमुळे मांस मिळालं म्हणून सगळे खूश. एका म्हातारीने उत्तराला स्वतःचं स्टूल दिलं. ताटात मक्याच्या पिठाचा गोळा आणि मांस आलं.

"मी शाकाहारी आहे," उत्तरा म्हणाली. स्टेशनसमोर आठवड्यातून दोनदा ग्युदोन, म्हणजे गोमांस घातलेला भात, खाणारी मुलगी ही! बायकांनी लगबगीने ताट बदललं, पालेभाजी आणली, वर माफीही मागितली.

म्वाले एका झाडाखाली एकटे बसले होते. कोणी त्यांच्याशी फारसं बोलत नव्हतं. स्टूल देणारी म्हातारी त्यांची आई निघाली. ती उत्तरासमोर जमिनीवर बसली आणि काहीतरी बोलली. एस्नातने इंग्रजीत सांगितलं, "आई म्हणतात, माझा मुलगा घाबरला असं लोक बोलतात. तेवीस वर्षांच्या नोकरीत तो कधी घाबरला नाही. तू तिथे होतीस. तू काय पाहिलंस?"

उत्तराने तिच्याकडे पाहिलं नाही. "सगळं फार पटकन झालं," एवढंच म्हणाली.

म्हातारीने मान हलवली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उठली.

इकडे त्सुकुबात उत्तराचा केवढा थाट! अंबरीषने सगळ्या मराठी घरांना एका रविवारी सार्वजनिक सभागृहात बोलावलं. जयंतीने साबुदाणे वडे केले, मी चहा. उत्तरा फोटो दाखवत होती आणि मध्येच अंबरीष उठून म्हणाला, "आता हत्तीचं मी सांगतो, ती स्वतः सांगणार नाही. पंधरा मीटरवर हत्ती! आणि आमची उत्तरा जागची हलली नाही!"

टाळ्या पडल्या. पुढे बसलेल्या सात वर्षांच्या आर्याने जपानीत विचारलं, "निगेनाकात्ता नो?" पळाली नाहीस?

"नाही," उत्तरा म्हणाली.

सगळे गेल्यावर आम्ही दोघी कप धूत होतो. तिने नळ बंद केला आणि सगळं सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं जपानीत. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

आणि मी काय म्हणाले? "अगं, झालं ते झालं. आता कशाला उकरून काढतेस? त्यांचं ते बघून घेतील."

एरवी मी स्वतःला सरळ बाई समजते. पण त्या क्षणी मला ना ते म्वाले दिसले, ना त्यांची आई. तिची पुढच्या वसंतात लागणारी नोकरी आणि अंबरीषचा चेहरा दिसला. उत्तराने माझ्याकडे जे पाहिलं, ते अजून माझ्या मनातून जात नाही. तिने कप पुसून कपाटात ठेवले आणि सायकलवरून घरी गेली.

चार दिवसांनी तिने आईबाबांना सांगितलं. वरचे आवाज मला खाली ऐकू येत होते. "सही करून दिलंयस तू!" अंबरीष ओरडत होता. "खोटं लिहिलं म्हणून आता स्वतःच कळवणार? आणि लोकांना मी काय सांगू?" जयंतीचा आवाज एकदाच आला, "लोकांचं सोडा हो."

उत्तरा आधी कावाई सेन्सेईंकडे गेली. ते उभे राहिले आणि तिच्यापुढे वाकले. विद्यार्थ्याला मला सांगता आलं नाही, तर तो माझा दोष, असं म्हणाले. "काकू, ओरडले असते तर बरं झालं असतं," ती मला म्हणाली. दोघांनी मिळून वनखात्याला पत्र लिहिलं. तिने नवा जबाब लिहून त्याखाली सही केली, आणि एस्नातला वेगळं लिहिलं.

खात्याचं उत्तर यायला दोन महिने लागले. जबाब फायलीला जोडला आहे, वनरक्षकावरचा ठपका काढला आहे. मात्र पायी फिरणाऱ्यांच्या पथकात त्यांच्या जागी दुसरा माणूस नेमला गेला असल्याने ते सध्या उद्यानाच्या फाटकावर काम करतील. साहेबी भाषेतल्या पाच ओळी.

एस्नातचा निरोप आधीच आला होता. उत्तराने फोन माझ्या हातात दिला, वाचा म्हणाली. एस्नातने लिहिलं होतं, मी म्वालेंना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, मला माहीत होतं, मी तिला पळताना पाहिलं. मग मी विचारलं, चौकशीत का नाही सांगितलं? तर म्हणाले, पाहुणा पळाला, म्हणजे मी त्याला नीट सांभाळलं नाही. ते मी माझ्या तोंडाने कसं सांगू? शिवाय पोरगी लहान आहे.

खाली आणखी एक ओळ होती. म्हातारीला मी काहीच सांगितलेलं नाही, ते तुझं तू सांग.

मी फोन परत दिला. त्या दिवशी नळापाशी काय म्हणाले होते त्याची माफी मागायची होती, ती जमली नाही. माफी मागितली ती पुढच्या आठवड्यात, कचरा ठेवायला दोघी बाहेर आलो तेव्हा, पिशव्या हातात धरून. ती म्हणाली, "काकू, तुम्ही नुसतं बोललात. मी लिहून दिलं होतं."

उत्तरा आता सेंदाईला एका पाणी तपासणाऱ्या कंपनीत आहे. म्हातारीला तिने इंग्रजीत पत्र लिहिलं, एस्नातने ते वाचून दाखवायचं ठरलं. गाव लांब आहे, पावसात रस्ता बंद असतो. ते वाचून दाखवलं की नाही, हे एस्नातने अजून कळवलेलं नाही, आणि उत्तरा विचारायला धजत नाही.