कंदील कुणी नेलाच नव्हता

दादा गेल्याची तार कुडाळच्या शाळेत आली तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होते. शिपायाने दिलेला कागद वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि तास पुरा केला. रडू आलं नाही. हे आधीच सांगते, कारण गेल्या महिनाभरात माझ्या या थोरल्या भावाविषयी वर्तमानपत्रांत बरंच गोड छापून आलं आहे आणि पुरवणीच्या संपादकांनी मलाही 'बहिणीच्या आठवणी' लिहायला सांगितलं आहे. त्यांना हव्या तशा आठवणी माझ्याजवळ फार नाहीत.

दादा मुंबईला गिरणीत फिटर होता. हातात कसब होतं, ते नाकारून चालणार नाही. नोकरी सोडून मालवणजवळच्या आमच्या वाडीत परतला तेव्हा त्याने गलबतातून बॅटरीवर चालणारी एक मोडकी गाडी आणली, गोदामात पेट्या ओढायला वापरतात तसली. महिनाभर खपून तिला मोठी चाकं बसवली, मागे फाळ जोडला आणि माडांच्या ओळींतून ती चालवून दाखवली. अजिबात आवाज नाही. पार कुणकेश्वराहून माणसं बघायला आली. तो तिला ट्रॅक्टर म्हणायचा. आलेल्या प्रत्येकाला चहा करून द्यायची ती वहिनी, दादाची बायको. मी तेव्हा मालवणच्या शाळेत शास्त्र शिकवत होते आणि त्यांच्याकडेच राहत होते.

अडचण एकच होती. बॅटरी उतरली की बैलगाडीत घालून मालवणच्या गॅरेजात न्यावी लागे. वाडीत वीज नुकतीच आली होती, तेव्हा दादाने घरीच चार्जर घ्यायचं ठरवलं. मुंबईच्या दुकानदाराने पत्रातून दोन सुचवले. मी पाच मिनिटांत कागदावर हिशेब मांडला : बॅटरी दोनशे अँपिअर-तासांची, म्हणजे वीस अँपिअरने दहा-बारा तास सावकाश भरायची. छोट्या चार्जरला प्रवाह दाखवणारा काटा होता, प्रवाह कमी-जास्त करायची सोय होती. मोठा साठ अँपिअरचा, तीन-चार तासांत काम उरकणारा, पण त्याला ना काटा, ना सोय. इतक्या जोराने भरलं तर आतलं आम्ल उकळल्यासारखं होईल, हायड्रोजन सुटेल आणि बंद खोलीत एक ठिणगी पुरेल, हे मी त्याला समजावलं. समोर पाहुणे बसले होते. दादाने कागद माझ्याकडे परत सरकवला.

"तुझा शास्त्र शाळेत ठेव. हयसर माझा चलता."

इथे त्याचंच चालतं, हे ऐकून पाहुणे हसले. मोठा चार्जर आला.

पुढच्या पावसाळ्यातली रविवारची दुपार... पाणी आत येतं म्हणून दादाने चार्जरच्या खोलीची खिडकी खिळे मारून बंद केली होती. बॅटरी सळसळत होती, वासाने घसा खवखवत होता. मी दार उघडलं की तो लोटून घेई. शेवटी त्याने वहिनीला बॅटरीत पाणी ओतायला बोलावलं. मी पुन्हा दार ढकलून उंबऱ्यावर उभी राहिले. वहिनी तांब्या घेऊन वाकली होती आणि दादा घाईत होता. बटण बंद न करताच त्याने बॅटरीवरचा, चार्जरच्या तारेचा चिमटा ओढला. निळी ठिणगी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. मग स्फोट झाला आणि आम्ल वहिनीच्या तोंडावर उडालं. मी तिला ओढत विहिरीवर नेलं, कळशीमागून कळशी तिच्या तोंडावर ओतली. उजवा डोळा वाचला. डावा नाही.

माणसं जमली तेव्हा दादाच्या अंगावर शिंतोडाही नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "हिनाच आत कंदील आणल्यान."

डॉक्टरांनाही त्याने तेच सांगितलं. नंतर मसुऱ्याच्या जत्रेत भेटेल त्यालाही तेच. आठ दिवसांनी मी त्याला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, तर म्हणाला, "तू माझ्या घरात रवतस, ह्या ध्यानात ठेव." पुढच्याच महिन्यात मी कुडाळला नोकरी धरली. खरं काय ते बाहेर बोलले नाही. वहिनीला त्याच घरात नांदायचं आहे, असं स्वतःला सांगत आले... त्यात माझी भीतीही होती. वर्षभराने दादाने छोटा चार्जर मागवला, मी सांगितला होता तोच. त्यावर ट्रॅक्टर पुढे कित्येक वर्षं चालला आणि हा आपणच पारखून घेतला, असं तो सगळ्यांना सांगे. ते ऐकल्यावर मी त्याच्या घरी जाणंच सोडलं.

बाराव्याला गेले. कार्य आटोपल्यावर वहिनी मागल्या पडवीत कोकमाची सोलं वाळत घालत होती. एकाच डोळ्याने बघायचं म्हणून मान कलती धरायची तिला सवय झाली आहे. मी तिला सांगितलं, लिहायला बोलावलं आहे. लिहीन तर सगळं लिहीन, नाहीतर एक ओळही नाही. तुझी परवानगी हवी.

ती सोलं पसरत राहिली.

"लिही," ती म्हणाली. "पण वहिनी म्हणान लिहू नको. माझा नाव घाल. लग्नात हयसर ठेवलेला नको... माहेरचा."

पंधरा वर्षांत मी तिला तिचं माहेरचं नाव कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

तेव्हा लिहिते. त्या दुपारी खोलीत कंदील कुणी नेलाच नव्हता. चिमटा माझ्या भावाने ओढला. जिचा डोळा गेला आणि जिच्यावर दोष आला, तिचं नाव शेवंती.