पालकाच्या सहीची ओळ

बुधवारी दुपारी चार वाजता केमिस्ट्रीच्या वानखडे मॅडमनी फॉर्मचा गठ्ठा तिसऱ्यांदा मोजला. मी बेसिनपाशी ब्युरेट धूत होतो. ब्युरेट म्हणजे काचेची लांब नळी, खाली तोटी, तिच्यातून थेंब थेंब औषध सोडतात. मॅडम म्हणाल्या, "मामा, नऊच आहेत हो." ब्युरेट माझ्या हातातून सुटली आणि फुटली. माझ्या हातून काच फुटली त्याला कितीतरी वर्षं झाली होती.

ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला कोण थांबणार, हे विचारणारे एक्केचाळीस फॉर्म थर्ड इयरला वाटले होते. पंधरा होकार पाहिजे होते. सोमवारी दुपारी फाइल अमरावतीला विद्यापीठात द्यायची होती.

मी अकोल्याच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीचा लॅब अटेंडंट होतो. शिक्षण नववी नापास. पण तेहतीस वर्षं बाटल्या लावल्या, काच धुतली, पोरापोरींचे हात पाहिले. कोणाच्या हातात काम आहे आणि कोण नुसती वही भरतो, हे मला पहिल्या महिन्यात समजत असे.

आता हे ऑनर्स काय ते सांगतो. आधी बी.एस्सी. तीन वर्षांत संपायची. आता तीन वर्षांवर डिग्री घेऊन घरी जाता येतं, नाही तर चौथं वर्ष थांबून संशोधन करता येतं. चौथं वर्ष केलं की ऑनर्सची डिग्री. विद्यापीठाचा पहिला आराखडा कोणालाच पसंत नव्हता. चौथ्या वर्षी नुसते जास्तीचे पेपर होते. तो बदलायला कमिटी बसली, तिच्यात आमच्या मॅडम होत्या. त्या सहा महिने अमरावतीला खेटे घालत होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक कॉलेजनं आपल्या जमिनीतला प्रश्न घ्यावा. आमच्याकडे बाळापूरकडचा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी खारं. पोरांनी वर्षभर तेच पाणी तपासावं.

कमिटीनं मान्य केलं, पण अट घातली. जिथं पंधरा जण लेखी हो म्हणतील तिथंच चौथं वर्ष. नाही तर अमरावतीला जा. पोरं जातील, खोली करून राहतील. बाळापूरकडून रोज बसनं अकोल्याला येणारी पोरगी अमरावतीला जाणार नाही. तिची डिग्री तिसऱ्या वर्षीच संपली समजा.

गुरुवारी मॅडमनी वर्गात भाषण दिलं. संशोधनाला घाबरू नका, पुढे नोकरीला उपयोग होईल, वगैरे. सगळ्यांनी माना हलवल्या. संध्याकाळपर्यंत आणखी दोन फॉर्म आले. अकरा.

मॅडम म्हणाल्या, "यांना शिकायचंच नाही, मामा. आपणच मरून राहिलो."

मला ते पटलं नाही. प्रणाली नावाची एक पोरगी होती, बाळापूरजवळच्या खेड्यातली. कोणी सांगितलं नसताना घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणायची आणि प्रॅक्टिकल संपल्यावर तपासत बसायची. रंग बदलायच्या नेमक्या थेंबाला तिची तोटी बंद होत असे. तिचा फॉर्म आला नव्हता.

शुक्रवारी सकाळी ती बीकर परत द्यायला आली. मी सरळ विचारलं, "काहून वं, फॉर्म काहून नाई भरला?"

ती इकडे तिकडे पाहून म्हणाली, "मामा, मले करायचं हाये. पण खाली सहीची लाईन हाये ना."

"मंग?"

"बाबाची सही पायजे. आता इचारलं तर बाबा आताच इचार करतीन. मले पाहाले पावणे येऊन रायले. ते नाई म्हनतीन. आन् आमच्या बाबानं एकदा नाई म्हटलं का मंग देव आला तरी हो नाई."

"मंग केव्हा इचारशीन?"

"निकाल लागू द्या. मार्क पाह्यले का बाबा नरम येतात. बारावीले असंच केलतं. आमच्यातल्या साऱ्याइचं हेच हाये, मामा. कोनी बोलत नाई."

ती गेली. मी स्टुलावर बसलो.

ती लाईन मला चांगली माहीत होती. आमच्याकडे कोणताही कागद तिच्याशिवाय निघत नाही. सहल असो, होस्टेल असो, खाली पालकाची सही. माझी पोरगी संगीता बी.एस्सी. झाली तेव्हा एम.एस्सी.साठी अमरावतीचा असाच फॉर्म तिनं आणला होता. आमची मंडळी, कमल, आठ दिवस माझ्या मागं लागली. "सही करा ना. पोरगी हुशार हाये." मी म्हटलं, "नाई करत." नवव्या दिवशी तिनं विचारणं बंद केलं. त्या उन्हाळ्यात संगीताचं लग्न धामणगाव रेल्वे या गावी झालं. घर चांगलं आहे, जावई चांगला आहे. माझ्यापाशी ती कधी तक्रार करत नाही.

या सगळ्या भानगडीच्या चार महिने आधी कमल गेली. तिला नेसवायला चांगली साडी पाहिजे होती, म्हणून मी तिचं कपाट उघडलं. साडीच्या घडीत तो फॉर्म होता. तिनं तो फेकला नव्हता आणि मला दाखवलाही नव्हता. माणसं दारात थांबली होती. मी फॉर्म परत कपाटात ठेवला आणि साडी घेऊन बाहेर आलो.

म्हणून मी उठून मॅडमच्या केबिनमध्ये गेलो.

"मॅडम, पोरीइले शिकायचं हाये. तुमची खालची लाईन काढा."

मॅडम भडकल्या. "ती लाईन मीच टाकली, मामा! उद्या एखादा बाप येऊन माझ्या टेबलावर हात आपटेल, माझ्या पोरीला न विचारता ठेवून घेतलं म्हणेल. तेव्हा तुम्ही येणार का उत्तर द्यायला?"

"येतो ना. तसा बाप मीच हाये."

संगीताचं त्यांना माहीत होतं. ती त्यांचीच विद्यार्थिनी.

मी म्हटलं, "ह्या पोरी मतदान करतात. तिथं यांच्या बापाची सही लागत नाई. आता फक्त इचारून रायले ना तुमी, चौथ्या वर्षी थांबनार का म्हनून? ॲडमिशन तं जुलैत हाये. बापाले जुलैत इचारा. मार्क पाहून इचारा."

मॅडमनी अमरावतीला कमिटीच्या अध्यक्षांना फोन लावला. स्पीकर चालू होता.

"फॉरमॅट मंजूर झालाय, मॅडम. आता बदलता येणार नाही."

"सर, फॉरमॅट माझाच आहे. चूक माझीच आहे."

"असं सगळेच म्हणतील."

"सर, सगळ्याच कॉलेजांत हेच झालं असेल. विचारून पाहा."

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "दुसऱ्या दोन कॉलेजांचेही आकडे कमी पडलेत खरे. ठीक आहे. पालकांची सही प्रवेशाच्या वेळी घ्या. पण जुने आणि नवे फॉर्म एका फाइलीत चालणार नाहीत. सगळे नव्यानं."

म्हणजे हातातले अकराही गेले.

मॅडमनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. सल्ला माझा होता. बुडालं तर माझ्यामुळं बुडणार होतं.

शनिवारी थर्ड इयरला प्रॅक्टिकल नसतं. जे आले त्यांनी भरले. सात. रविवारी मला जेवण गेलं नाही. एकट्याचं तसंही फार शिजत नाही.

सोमवारी साडेसातला मी पॅड आणि फॉर्म घेऊन बसस्टँडवर उभा राहिलो. मॅडमची गाडी दहाला निघणार होती. पोरी बसमधून उतरायच्या, मला पाहून दचकायच्या. "मामा, तुमी इथं?" मी म्हणायचो, "वाच आन् पटलं तं सही कर. नाई पटलं तं जाय." बाकावर पॅड ठेवून त्या सही करायच्या. शनिवारचे सात धरून नऊपर्यंत बारा झाले. कॉलेजमधून मॅडमचा फोन, "इथं दोन मिळाले." चौदा. बाळापूरची बस आली नव्हती. कंट्रोलरला विचारलं तर म्हणाला, "येईन ना बाबा, मी काय ढकलत आनू?"

पावणेदहाला बस लागली. प्रणाली उतरली, तिच्यामागून तिच्याच वर्गातली दुसरी एक. प्रणालीनं फॉर्म वाचला, मग उलटा करून पाहिला.

"मामा, लाईन कुठं गेली?"

"जुलैत गेली. कर सही."

सोळा झाले. मी ऑटोनं कॉलेजात पोचलो तेव्हा मॅडमची गाडी गेटात चालूच होती. काचेतून फॉर्म आत टाकले. तीन वाजता फोन आला. "मामा, धरले. सोळाही धरले. अकोल्यात राहिलं चौथं वर्ष." विद्यापीठानं सगळ्याच कॉलेजांचा फॉर्म बदलला.

खोटं कशाला सांगू, जुलैत सोळाचे अकराच राहिले; अट फॉर्मपुरतीच होती, म्हणून वर्ष तरी सुरू झालं. पाच बापांनी नाही म्हटलं. प्रणालीचा बाप मात्र स्वतः आला. निकाल खिशात घडी करून आणला होता. लॅब पाहिली, आणि मॅडमला सोडून मला विचारलं, "पोरीइले किती वाजता सोडता?"

"चार वाजता. साडेचारची बस भेटते."

"पान्याचं करते म्हनते. आमच्या हिरीचं पानी गोड होईन का त्यानं?"

"नाई होनार. पन खारं किती हाये ते समजीन."

तो जरा हसला. पेन नव्हता त्याच्यापाशी. माझा घेतला.

ऑगस्टअखेर मी रिटायर झालो. त्या आठवड्यात संगीताला फोनवर हे सगळं सांगितलं, आणि कपाटातल्या फॉर्मचंही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मले माहीत होतं आईनं ठेवला ते. आता जेवून घ्या."

फॉर्म तयार करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. फॉर्म खालून वर वाचा. वर काय विचारलं त्यानं पोरी अडत नाहीत, खाली कोणाची सही मागितली त्यानं अडतात. आमच्या कपाटातला अजून तिथंच आहे. त्याची खालची ओळ कोरी आहे, आणि ती माझी आहे.