आधी पोती, मग माणसं

देवावर विश्वास नसलेली माणसं जबलपुरात मी पुष्कळ पाहिली, त्यातली निम्मी तर पत्रकं काढणाऱ्या आमच्याच मंडळात होती; पण खिळ्यावर विश्वास नसलेला माणूस सगळ्या शहरात एकच, माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. रांझीकडच्या तोफांच्या फॅक्टरीत ते माल तपासायचे. हातात लहानशी हातोडी, कानामागे खडू. लोखंडावर हातोडी मारायची. नाद खणखणीत आला तर माल पुढे, बद्द आला तर आत कुठेतरी चीर आहे असं समजायचं आणि खडूने फुली. नुसती शंका आली तरी फुली. आणि आतोबांची फुली पडलेला माल साहेबाचा साहेब आला तरी पुढे सरकत नसे. हे काम ते आठ तास फॅक्टरीत करत आणि जागेपणीचे बाकीचे तास घरी. आत्याची कढई, विहिरीचा रहाट, बसची पायरी, शेजाऱ्याची कोरी सायकल, हातोडीतून काही सुटलं नाही. माझ्या आतेबहिणीच्या लग्नात त्यांनी मांडवातली एकेक लोखंडी खुर्ची वाजवली आणि दोन खुर्च्यांच्या पाठीवर फुली मारली. नवरदेवाचे मामा नेमके त्यातल्या एकीत टेकून बसले आणि कोटाच्या पाठीवर उमटलेली फुली घेऊन मांडवभर मिरवले. पाहुण्यांत निम्मे फॅक्टरीतले; पंगतीत मामांना जिलबीचा आग्रह करायला कोणी धजेना. आत्याने दोन दिवस अबोला धरला. आतोबांचं म्हणणं एवढंच, "खुर्ची बाद होती. ते बसले काहून?"

मी तेव्हा कॉलेजात होते आणि पत्रकं लिहीत होते. कांचघरच्या मैदानात मेळ्यातली चक्री कलंडून एका बाईचा हात मोडला होता, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच चक्रीला तोच परवाना पुन्हा मिळाला होता. परवाना देणारे लोक तंबूची जागा मोजत, पाण्याची टाकी बघत, दिव्यांची रांग बघत. ज्या यंत्रात माणसं बसवून आकाशात फिरवायची, त्या यंत्राकडे बघणं मात्र कोणाचंच काम नव्हतं! हे लिहितानाही माझं डोकं तापतं. मी 'मृत्यूचे झोपाळे' नावाचं पत्रक काढलं. त्यात रक्तपिपासू होतं, नरबळी होतं, निगरगट्ट तर तीनदा होतं. आतोबांनी ते चष्मा पुसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि विचारलं, "खीळ कोणती, ते लिहिलं नाहीस?" मी म्हटलं, आतोबा, प्रश्न खिळीचा नाही, वृत्तीचा आहे. तर म्हणाले, "अच्छा. मग वृत्तीवर फुली कुठं मारू, ते सांग."

पासष्टची लढाई थांबून थोडेच महिने झाले होते. दोन-दोन पाळ्या करून पिचलेली फॅक्टरीतली माणसं संक्रांतीला नर्मदेकाठच्या मेळ्यात बायकापोरांना घेऊन जाणार होती, आणि त्या वर्षी मेळ्यात आला होता बारा पाळण्यांचा आकाशपाळणा, शहराने तोवर पाहिला नव्हता एवढा उंच. आदल्या दिवशी सकाळी आतोबांनी मला सायकलवर मागे बसवलं आणि थेट तिथे नेलं. प्रत्येक पाळणा ज्या खिळीला टांगलेला, ती खीळ ते वाजवत गेले. सहा खणखणीत. सातवी बद्द. त्यांनी फुली मारली. पाळणेवाल्या शेठने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं, ओल्या फडक्याने फुली पुसली आणि म्हणाला, "बाबूजी, ये झूला है, तोप नहीं."

आतोबा म्हणाले, "तोप में आदमी नहीं बैठता, सेठ."

शेठने परवाना नाचवला. परवान्याचे साहेब जवळच छत्रीखाली बसले होते. नियमात हातोडी कुठेच लिहिलेली नाही, असं ते म्हणाले. मी भाषणाला तोंड फोडणार, तेवढ्यात आतोबांनी हाताने मला गप्प केलं आणि साहेबांना शांतपणे समजावलं: नवी तोफ पहिल्यांदा उडवताना आम्ही जास्तीची दारू ठासतो आणि सगळे लांब उभे राहतो, तुम्ही पहिल्यांदाच लोकांची लेकरं बसवता. माझं मागणं एकच, आधी पोती, मग माणसं. पोती कुठून आणणार, असं शेठने हसून विचारलं. रांझीच्या क्वार्टरांपुढे लढाईत खणलेल्या खंदकांवर वाळूची पोती तशीच पडून होती. निरोप गेला आणि दुपारपर्यंत ती सायकलींच्या कॅरिअरवरून आली. ज्यांच्या घरचे दुसऱ्या दिवशी पाळण्यात बसणार होते, त्यांनीच ती ओढून आणली. शेठ म्हणाला, हाथी बिठा लो.

प्रत्येक पाळण्यात माणसांच्या दुप्पट वजन भरलं. आतोबांनी सगळ्यांना मागे हटवलं. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसरीत सातवा पाळणा वर पोचला, फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि तो पोत्यांसकट खाली आला. वाळूचा धुरळा उडाला. शेठने तोंडातलं पान थुंकून टाकलं. साहेबांनी परवाना मागून घेतला आणि त्यावर आपल्या हाताने एक ओळ लिहिली: माणसे बसण्यापूर्वी दुप्पट वजनाची पोती घालून फिरवावे. आतोबांनी ती वाचली आणि बोट ठेवून मध्ये 'रोज' हा शब्द घालून घेतला. त्या मेळ्याच्या परवान्यात ती ओळ आजही आहे. बाकी मेळ्यांत नाही, आणि ती येईपर्यंत माझी पत्रकं थांबणार नाहीत. आता त्यांत निगरगट्ट कमी असतं, खिळी जास्त.

एकाहत्तरच्या लढाईत आतोबांना तोफा उडवून बघण्याच्या कामावर घातलं आणि त्या धडधडाटात बिघडलेले त्यांचे कान हळूहळू पुरते गेले. यंदा मेळ्यात ते दरवर्षीसारखे पहिल्या खिळीपाशी उभे राहिले. हातोडी मारली, थांबले. परत मारली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, मला ऐकू येऊन नाही राहिलं. तू ऐक."

आयुष्यभर बोलत आलेली मी गप्प उभी राहिले. ते हातोडी मारत, मी ऐके आणि मान हलवी. अकरा खिळी झाल्या. बारावीला मला खात्री वाटेना. पुन्हा मारा, असं मी खुणेने सांगितलं. त्यांनी मारली नाही. कानामागचा खडू काढला आणि माझ्या हातावर ठेवला.