गळ्यातलं आणि चारशे बारा व्होल्ट

शेणवे गावच्या प्रमिलाबद्दल लिहायचं तर आधी कबूल करतो, की मी तिला दहा वर्षं घाबरत आलोय. मुरबाडच्या आमच्या बँजो पार्टीत मी गिटार वाजवतो. माझा अँप्लिफायर जुना, काचेच्या वाल्वचा, वयानं माझ्याहून मोठा. तो रुसला की त्याला हात लावणारं माणूस दोन तालुक्यांत एकच, आणि ती कुणाला टेबलाजवळ उभंसुद्धा करत नाही. पहिल्याच दिवशी तिनं माझी चांदीची साखळी काढायला लावली होती.

हे काम तिला सासऱ्यांनी शिकवलं. जयरामकाका भोंगे भाड्यानं द्यायचे. उघड्या मशीनवर उजव्या हातानंच काम करायचं, डावा पाठीमागं ठेवायचा, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून जात नाही, ही त्यांची शिस्त. काका गेले आणि दुकान प्रमिलाकडं आलं. एकदा वाकून काम करताना तिच्या मंगळसूत्राची वाटी आतल्या तारेला लागली. ठिणगी उडाली आणि ती भिंतीवर जाऊन आपटली. तेव्हापासून कामाला बसताना ती मंगळसूत्र खिळ्याला अडकवते.

सासूबाईंना, म्हणजे अंबूबाईंना, ते मुळीच खपत नव्हतं. काका गेल्यावर स्वतःचा गळा रिकामा झालेली बाई ती. सुनेचा रिकामा गळा तिला बघवेना. यंदा ऐन लग्नसराईत तिनं बजावलं, "माझा दिनेश धडधाकट असताना तू गळा मोकळा ठेवून बसायचं नाय. नायतर दुकान बंद."

मी नेमका त्याच दिवशी तडमडलो. संध्याकाळी हळद होती आणि अँपमधून नुसती घरघर येत होती. अंबूबाई दारातच बसलेल्या. प्रमिलानं तरीही मंगळसूत्र खिळ्याला अडकवलं, वाल्व काढून बाजूला ठेवले, मीटर जोडला आणि मशीन चालू केलं. तेवढ्यात लाईट गेली.

आमच्याकडं लाईट गेली की सगळ्यांनाच वाटतं, मशीन मेलं. मलाही वाटलं, आणि मी शहाण्यासारखा आत बोट घालून बिघाड दाखवायला पुढं सरलो.

"मागं हो रे," प्रमिला म्हणाली आणि तिनं आधी भिंतीतली पिन काढली.

अंबूबाईंनी खिळ्यावरचं मंगळसूत्र घेतलं. "आता लाईट नाय ना? घाल गळ्यात, मग कर काय करायचं ते."

"आई, लांबूनच हे बघा." प्रमिलानं मीटर त्यांच्याकडं वळवला. चारशे बारा.

"लाईट नसताना?"

"आत साठून राहते. हात लागला तर माणूस जातो."

डावा हात पाठीमागं घेऊन तिनं लाकडी दांड्याला बांधलेला रेझिस्टर आत टेकवला. आकडा उतरत गेला. तीनशे, दीडशे, चाळीस. अंबूबाई मूठ आवळून बघत होत्या. माझं बोट मी कधीच खिशात घातलं होतं. शून्य आल्यावरच प्रमिलानं आत हात घातला आणि वीज साठवणारा, फुगलेला कपॅसिटर काढून नवा बसवला.

तासाभरानं लाईट आली. वाल्व बसवले, ते तापून लाल झाले आणि मी गिटारची तार छेडली. काय तो आवाज! समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. प्रमिला इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदा पाहिली, आणि मला तिचा खरंच अभिमान वाटला.

आवाज ऐकून शेजारची भिमी दारात आली. तिचं लक्ष गिटारकडं नव्हतंच. "अंबूबाय, सुनेचा गळा मोकळा गो?"

मशीन अजून उघडंच होतं. अंबूबाईंनी मूठ उघडून मंगळसूत्र दाखवलं.

"माज्याकडं हाय. आकडा शून्य झाल्याबिगर मीच देनार नाय," त्या म्हणाल्या. "हे तुटलं तर सोनार जोडंल. तिला कोन जोडंल?"