दादाचा माउथ ऑर्गन कॅसेटमधून गेला

भूत, आत्मा, असलं मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. पण जे झालं ते झालं… आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझा मोठा भाऊ सुधीरदादा मूळचा चिपळूणचा, शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात वेल्डर. लग्नानंतर मीही शारजातच राहायला आले. त्याआधी फुजैरा बंदरात असताना एका अमेरिकन जहाजाच्या कुकने त्याला माउथ ऑर्गनवर ब्लूज हे तिकडचं दुःखाचं संगीत शिकवलं. सूर वाकवून, रडवून वाजवायचं. पुढे दर गुरुवारी संध्याकाळी तो दुबईच्या एका हॉटेलात बँडबरोबर वाजवायचा. सहा वर्षं! लोक खास त्याच्यासाठी यायचे.

मग बँडमास्टरने कॅसेट काढली. वाजवलं दादाने, कव्हरवर नाव स्वतःच्या भाच्याचं! मी भांडायला निघाले, तर दादा म्हणाला, "राहू दे गं. वेल्डरचं नाव कोण छापतंय?"

१९९९ मध्ये दादा वर्कशॉपमध्येच हार्ट अटॅकने गेला. त्याला गावी पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती कॅसेट लावली. गिटार होती, ड्रम होते, गाणारा होता… माउथ ऑर्गन नव्हता. त्याच्या जागी नुसती रिकामी जागा.

टेप खराब झाली असेल, म्हणून मी आणि माझे मिस्टर शारजातल्या रोला बाजारातल्या कॅसेटवाल्याकडे गेलो. त्याने सीलबंद कॅसेट फोडली. तेच! दुसरी फोडली. तेच!

"दीदी, पिछले हफ्ते तो बज रहा था," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

संध्याकाळी बँडमास्टरचा फोन. "मास्टर टेपसे भी गायब है! तुम लोगोंने क्या किया?"

"आम्ही काय करणार? भाच्याला सांग ना वाजवायला," मी ओरडले आणि फोन आपटला. खरं सांगते, त्या क्षणी बरं वाटलं.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. शांतपणे म्हणाली, "इट वॉज हिज, आई. ही टुक इट बॅक."

ओळखीचे सगळे हेच म्हणतात. न्याय झाला म्हणे! कसला न्याय? इंजिनियर लोकांना टेप दाखवली, कुणालाच काही सांगता आलं नाही. मलाही कळत नाही. मी फक्त दादावर चिडते. त्या चोराचं नेलंस, बरं केलंस… पण माझी कॅसेट कशाला नेलीस रे? तुझी दुसरी एकही टेप नाही माझ्याकडे. तू कसा वाजवायचास, हे आता मला नीटसं आठवतही नाही.