ताकलाकोटचे डोहाळे

पोटात काही नसताना मी एकदा डोहाळे लावून घेतले होते, तेही तिबेटात. एवढा मूर्खपणा घरबसल्याही करता आला असता, पण मी त्यासाठी महिनाभर चालत गेले.

त्याचं झालं असं. आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, मानसरोवरात अंघोळ करायची होती. मामंजी होते तोवर ते "पुढल्या वर्षी बघू" म्हणायचे. ते गेल्यावर तेच वाक्य त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, उचललं. एका सकाळी आत्याबाई भोरच्या घराच्या उंबऱ्यातच बसल्या. कचेरीत निघालेला मुलगा आईला ओलांडून जाणार कसा? तो उभा, त्या बसलेल्या. "आई, उंबऱ्यात बसू नये," तो म्हणाला. "मग पुढल्या वर्षी उठते," त्या म्हणाल्या. कचेरीची वेळ टळायला लागली तेव्हा कुठे त्याच्या तोंडून "जा" निघालं.

मामंजींचे एक मावसभाऊ पुण्यात असायचे. मामलेदारकीतून पेन्शनीत निघालेले. ते दहा-बारा माणसांचा जथा घेऊन कैलासाला चालले होते. त्यांच्याबरोबर आत्याबाई आणि आत्याबाईंबरोबर मी, असं ठरलं. मीच का, तर मी वेल्ह्याकडची, तोरण्याच्या पायथ्याला वाढलेली. "हिला डोंगर काय नवा?" असं घरात सगळे म्हणाले आणि आमच्या बाईसाहेबांची, म्हणजे माझीच, मान दोन बोटं वर गेली.

त्या बाईसाहेबांचं काय सांगू! काटकुळ्या, नाक वर, जीभ चुरचुरीत. आमच्या रानात डोक्यावर मोळी घेऊन चढ चढताना जी पोरगी मागे पडायची तिला आम्ही दिवसभर चिडवायचो. मी कधी मागे पडले नव्हते. माझी सगळी अक्कल त्या एवढ्या भांडवलावर चालायची.

हिमालयाच्या पायथ्याशी, अलमोड्यात, जाणत्यांनी बजावलं होतं, वर हवा विरळ असते, सावकाश चढा, घोट घोट पाणी पीत राहा, नाहीतर हवा बाधते. मी पदर तोंडाला लावून हसले. बाधायला हवा म्हणजे काय शिळी आमटी? आत्याबाईंनी मात्र ते मनावर घेतलं. त्या अंगाने भरलेल्या, गुडघ्यांनी अधू. थोडं चालायचं, थांबायचं, दम घ्यायचा, पुन्हा चालायचं. घरी नसरापूरच्या बाजाराला निघाल्या तरी वाटेत दोनदा टेकायच्या. मी पुढे जाऊन दगडावर बसायची आणि त्या दिसल्या की मुद्दाम जांभई द्यायची. अशी गुणाची सून!

लिपूची खिंड म्हणजे तिबेटचं दार. त्या दिवशी कासोटा घट्ट मारून मी सगळ्यांच्या पुढे निघाले. सामान वाहणारी झब्बू नावाची केसाळ जनावरं असतात, त्यांनाही मागे टाकलं. सकाळपासून डोकं जड होतं, तिकडे लक्ष दिलं नाही. वर पोचून वळून पाहिलं तर आत्याबाई खाली बर्फावर तिळाएवढ्या. मी ओरडले, "आत्याबाई, या की वर! हितं लई झ्याक वारा हाय!"

आणि त्या झ्याक वाऱ्यातच भडाभडा ओकले.

पलीकडे उतरून ताकलाकोटच्या बाजाराजवळ आमचे तंबू पडले, तोवर माझं पार चिपाड झालं होतं. डोक्यात कुणी मुसळाने कांडत होतं. घोटभर पाणी पोटात ठरेना. उभी राहिले की तंबू माझ्याभोवती फुगडी घालायचा. हवा बाधली, एवढे दोन शब्द सांगितले असते तर भागलं असतं. पण वेल्ह्याची पोर आणि डोंगराने आडवी पाडली? जीभ उचलेना.

मागाहून आत्याबाई आल्या. दमलेल्या, पण ठणठणीत. माझ्याजवळ बसल्या, कपाळाला हात लावला आणि कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "कवापासनं गं, सूनबाई?"

लग्नाला पाच वर्षं होऊन गेली होती, घरात पाळणा नव्हता. त्यांना काय विचारायचंय ते मला चांगलं कळलं. मी नुसती मान खाली घातली. लाजल्यासारखी! शब्दाने खोटं बोलले नाही, असं पुढे दोन दिवस मी स्वतःला समजावत होते.

आत्याबाईंनी माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. भोरहून आणलेल्या नाचणीच्या पिठाची आंबील करून चमच्याचमच्याने पाजली. स्वतःची घोंगडी माझ्या अंगावर टाकून स्वतः कुडकुडत बसल्या. बाजारात जनावरं बदलून घ्यायची म्हणून जथा तिथे मुक्कामाला होता, तेवढ्यात बातमी सगळ्यांना झाली. मामलेदार तंबूच्या दाराशी आले आणि कचेरीतच उभे असल्यासारखे बोलले, "दोन जिवांच्या बाईला पुढे नेता येणार नाही. व्यापाऱ्यांचा तांडा परवा अलमोड्याकडे उतरतोय, दोघींना त्यांच्याबरोबर रवाना करतो. वहिनी, तुमची यात्रा इथं तहकूब."

मला वाटलं, आता आत्याबाई तंबूच्या दारात ठाण मांडणार. त्यांनी गाठोडं सोडलं. भोरहून एवढ्या लांब आणलेला नारळ बाहेर काढला आणि मामलेदारांच्या हातात दिला.

"माझ्या नावानं तळ्यात सोडा, भावजी. तळं काय पळून चाललंय? पुढल्या वर्षी येईन."

पुढल्या वर्षी! त्या वाक्यावर जी बाई उंबऱ्यात बसली होती, ती हसत हसत तेच म्हणत होती, आणि ते तिच्या तोंडी मी घातलं होतं. मी उठून बसले. तंबू फिरला, फिरू दिला.

"आत्याबाई, पोटात काही नाही. मला हवा बाधलीय."

"गप गं. तुला काय कळतंय?"

"कळतंय. लिपू चढायच्या आधीच्या मुक्कामांत मी बाहेरची होते."

आजच्या मुलींना सांगायला हवं, तेव्हा त्या चार दिवसांत बाईने कोपऱ्यात बसायचं, चुलीला शिवायचं नाही, देवाला तर नाहीच नाही. आणि मी ते चारी दिवस जथ्यातल्या सगळ्यांच्या पोळ्या लाटल्या होत्या. आत्याबाईंच्या देवांची डबी माझ्याच कमरेला होती. मी बाजूला बसले असते तर जथा खोळंबला असता, नाहीतर आम्हाला मागे टाकून गेला असता. म्हणून गप्प राहिले. डोहाळ्यांचं सोंग हा माझा गाढवपणा, तो मी कबूल करते. हे दुसरं मात्र मी चूक म्हणून कधी कबूल केलं नाही आणि आता या वयात करणार नाही. अंगाला राख फासून मसणात बसणारा तो देव, त्याला माझ्या चार दिवसांचा विटाळ होतो होय?

मामलेदार दोन पावलं मागे सरले. "शिवशिवशिव! अख्ख्या जथ्याचं पुण्य बुडवलंस! आता पुढे नेणं नाहीच. दोघी परत!"

आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या तोंडावरचं ते दोन दिवसांचं हसू उतरताना मी पाहिलं. डोंगराने दिलेल्या डोकेदुखीहून जास्त दुखलं ते. मग त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"भावजी, हिच्या हातची पोळी रोज येक ज्यादा मागून घेत व्हता. तवा कुठं गेलतं पुण्य?"

"ते अजाणता झालं, वहिनी."

"मग आताबी अजाणताच ऱ्हावा. पोर हिंडती-फिरती झाली की आमी निघणार. तुमी न्या, न्हाईतर नका नेऊ. झब्बूवाल्याला वाट ठावं हाय." आणि त्यांनी हात पुढे केला. "नारळ द्या माझा."

मामलेदारांनी आयुष्यात पुष्कळ हुकूम सोडले असतील, पण त्या हाताचा हुकूम त्यांनी पाळला. नारळ परत आला.

जनावरं ठरेपर्यंत पडून राहून माझं डोकं दुखायचं थांबलं, आंबील पोटात ठरायला लागली. निघालो ते जथ्याबरोबरच. मामलेदार दोन दिवस स्वतःच्या हाताने कणीक मळून करपलेले रोट खात होते. तिसऱ्या दिवशी ताट घेऊन माझ्या चुलीशी बसले. मी वाढलं. एक ज्यादा.

मला आत्याबाईंच्या पुढे जायची बंदी होती. त्या थांबल्या की थांबायचं, दम घ्यायचा, त्या निघाल्या की निघायचं. पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात दात खात होते. मग तीच चाल अंगवळणी पडली आणि पुढची खिंड कधी मागे गेली ते कळलंसुद्धा नाही. वाटेत त्या माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. नातवाचा विषय त्यांनी काढला नाही, मलाही तोंड नव्हतं.

मानसरोवर दिसलं तशा आत्याबाई थांबल्याच नाहीत. गुडघ्यांसकट थेट पाण्यात. गारठ्याने अशी किंकाळी फोडली की काठावरचे पक्षी उडाले. "ये गं आत, बघत काय बसलीस!" मीही गेले. मामलेदारांनी पाठ फिरवली. नारळ आम्ही दोघींनी मिळून सोडला. बाहेर येऊन लुगडी पिळताना आमचे दात वाजत होते. पिळ्याचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पीळ आवळला आणि म्हणाल्या,

"घरी कुनी इचारलं तर सांग, उलट्या सासूला झाल्या. माझ्या म्हातारीची काय लाज जायाची? तुला अजून म्हायेरी तोंड दावायचंय."